नकोसा घोडा: सुटकेपासून नव्या ठाणापर्यंत (इंदूर आणि परिसरासाठी)

आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि कार्तिकी एकादशीपर्यंत वरातीच्या घोडीला काम राहत नाही. पोट मात्र चातुर्मास पाळत नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला बरगड्या निघालेली घोडी उभी दिसते, तेव्हा तिच्यामागे अनेकदा हाच हिशेब असतो: चार महिने कमाई शून्य, वैरण रोजची. बग्गीचा घोडा लंगडायला लागतो, घोडीचा एक डोळा जातो, वीटभट्टीवरचं खेचर म्हातारं होतं. काही वेळा तर अंगावरचा केसांचा भोवरा ‘अशुभ’ ठिकाणी आहे एवढ्यावरून धडधाकट जनावर नकोसं होतं.

अशा घोड्याला सोडवताना घाई सगळ्यात जास्त नडते. पोटभर खाऊ घालायची घाई त्याचा जीव घेऊ शकते. गाडीत चढवायची घाई पाय मोडते, आणि देऊन मोकळं व्हायची घाई त्याला पुन्हा जनावरांच्या बाजारात नेऊन उभं करते. म्हणून खालचा क्रम पाळा.

आधी हिशेब, मग दावं हातात

घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो. म्हणजे बारा वर्षांची घोडी घरी आणलीत तर पुढच्या बारा-तेरा वर्षांची जबाबदारी आली. रोजचा सुका चारा वजनाच्या साधारण २ टक्के लागतो. २७५ किलोच्या घोडीला साडेपाच किलो, म्हणजे महिन्याला सुमारे १६५ किलो. त्यावर नालबंद, डॉक्टर, लसी आणि एका माणसाची रोजची दोन-तीन तासांची मेहनत. तुमच्या भागातल्या चाऱ्याच्या भावाने हे गुणून पाहा आणि किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढता येत असतील तरच पुढे जा.

घोडा विकत घेऊन सोडवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुम्ही दिलेल्या पैशातून मालक पुढच्या बाजारात दुसरा घोडा घेतो आणि त्याच ठाणावर बांधतो. मालकाची नियत बरी असेल आणि अडचण फक्त चार महिन्यांची असेल, तर त्याला पावसाळ्यापुरता चारा आणून देणं, नालबंदाचे पैसे देणं, जखमेवर उपचार करून देणं जास्त उपयोगाचं ठरतं. घोडा घराबाहेर काढायचा तो मालकाला खरोखर नको असेल तेव्हा, किंवा त्याच्याकडे ठेवणं क्रूरपणाचं असेल तेव्हा.

मालकी: कागद झाल्याशिवाय हलवायचं नाही

रस्त्यावर मोकळा फिरणारा घोडा बेवारस असतोच असं नाही. बरेच मालक दिवसा चरायला सोडून देतात. परस्पर उचलून नेलात तर चोरीचा आळ तुमच्यावर येईल. आधी आसपासचे तबेले, बग्गीवाले, बँडवाले यांच्याकडे चौकशी करा. बोलणं बहुधा हिंदीत किंवा माळवीत होईल. आवाज चढवू नका, ‘भैया, इसका क्या करना है’ एवढ्यापासून सुरुवात करा. आपल्याला कोणी गुन्हेगार समजत नाही हे कळलं की बरेच जण मोकळेपणाने बोलतात.

मालक द्यायला तयार असेल तर साध्या कागदावर नव्हे, स्टॅम्प पेपरवर हक्कसोड लिहून घ्या. त्यात मालकाचं नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत हवी. घोड्याचा रंग, नर की मादी, अंदाजे वय, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, डाग, व्रण, आणि भोवरे कुठे कुठे आहेत तेही लिहा. भोवरे जन्मभर बदलत नाहीत, त्यामुळे ओळख पटवायला हीच सगळ्यात भरवशाची खूण. या घोड्यावर कोणाची उधारी किंवा उचल नाही, हे वाक्य विसरू नका. घोडा सावकाराच्या पैशाने घेतलेला असेल तर सावकार दुसऱ्याच आठवड्यात दारात येईल. तारीख, वेळ, दोन साक्षीदार आणि चारही बाजूंचे फोटो घ्या.

मालक द्यायला तयार नसेल आणि हाल उघड दिसत असतील, तर मार्ग पोलीस ठाण्याचा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये पुरेसं खाणं-पाणी-निवारा न देणं, काम करण्याच्या लायकीच्या नसलेल्या जनावराला जुंपणं आणि उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हे तिन्ही गुन्हे आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार काटेरी लगामाला बंदी आहे आणि पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. मात्र कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, तेव्हा शिक्षेचा धाक फारसा नाही. तक्रारीचा खरा उपयोग पंचनामा होण्यासाठी. जनावर मारलं किंवा कायमचं अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. पोलिसांनी जप्त केलेला घोडा हा मुद्देमाल असतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत तो पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतो आणि खर्च मालकाकडून वसूल करायची तरतूद आहे. पण न्यायालयाचा आदेश येईपर्यंत तो कुणालाही दत्तक देता येत नाही. म्हणूनच, शक्य असेल तिथे राजीखुशीचा कागद हा सगळ्यात जवळचा रस्ता.

जागेवरची तपासणी

हात लावण्याआधी दहा मिनिटं लांबून पाहा. घोडा चारही पायांवर सारखा भार देतो का? पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा असेल तर खुरांच्या आतल्या दाहाची, म्हणजे लॅमिनायटिसची शंका घ्या. एक मागचा पाय ढिला ठेवून उभं राहणं ही मात्र घोड्याची आरामाची रीत आहे, त्याने घाबरू नका.

मग डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. थेट समोरून किंवा मागून नाही. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. नाडी जबड्याखालच्या धमनीवर बोटाने लागते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. कुशीला दोन्ही बाजूंनी कान लावा. पोटात गुरगुर ऐकू आली पाहिजे. पूर्ण शांतता हे वाईट लक्षण.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरते. कोपरामागून आणि पाठीच्या उंचवट्यामागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो. औषधांचे डोस यावरच ठरतात, तेव्हा अंदाजपंचे चालत नाही. अंगावरच्या मांसाचा अंदाज १ ते ९ च्या हेनेके पट्टीवर घेतात: १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला लागतात.

वय दातांवरून. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक खाच उमटते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकाला. मालक सांगेल ते वय आणि ही खाच यात बरंच अंतर निघू शकतं.

मादी असेल तर गाभण आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि उपाशी घोडीचं पोट जंतांनीही फुगलेलं दिसतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. पांढऱ्या घोडीच्या शेपटीखाली काळ्या गाठी आणि गुलाबी कातडीच्या नुकऱ्याच्या (जन्मतः पांढऱ्या घोड्याच्या) डोळ्यांभोवती न भरणारी जखम, या दोन गोष्टी मुद्दाम पाहा. दोन्ही कर्करोगाच्या असू शकतात.

डॉक्टर कुठून आणायचे? मध्य प्रदेशात १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुपालन विभागाची चलित पशु चिकित्सा गाडी येते. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय इंदूरपासून तासाभराच्या आत आहे. फोनवर ‘घोडा आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. गाई-म्हशींचे डॉक्टर घोडा हाताळायला कचरतात, आणि तसं त्यांनी आधीच सांगितलेलं बरं.

गाडीत चढवताना

एक तास आधाराशिवाय उभा राहू न शकणारा घोडा गाडीत घालू नका. तिथेच सावली करा, उपचार सुरू करा, दोन-चार दिवसांनी हलवा.

छोटा हत्ती पुरत नाही. मोठा पिकअप घ्या, कठडे घोड्याच्या छातीपेक्षा उंच हवेत. फळीवर मुरूम किंवा वाळूचा चार बोटं थर द्या, नुसत्या पत्र्यावर खूर घसरतात. उतरंड नसेल तर गाडी मातीच्या बांधाला मागून लावा, म्हणजे उडी मारावी लागत नाही. नाकातली दोरी किंवा लगाम धरून ओढू नका, मोहरकी (तोंडाभोवतीचा दोरीचा साज) घालून दावं धरा आणि पुढे चाऱ्याची पेंडी दाखवा. गाठ एका झटक्यात सुटणारी असावी. दोर एवढाच ढिला ठेवा की मान हलवता येईल, पण पाय अडकणार नाही. उन्हाळ्यात पहाटेच निघा. दर दोन तासांनी थांबून पाणी दाखवा. घोडा प्रवासायोग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र गाडीत हवं, नसेल तर नाक्यावर अडकाल.

ग्लँडर्स: यात सूट नाही

नवीन घोडा आला की तो बाकी घोड्यांपासून किमान तीस दिवस वेगळा. पाण्याची बादली, खरारा, तोबरा, फडकं, सगळं वेगळं. त्याचं काम शेवटी करायचं आणि हातमोजे घालायचे.

ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून चिकट पिवळा शेंबूड, नाकाच्या आत व्रण, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या ओळीत गाठी आणि त्या फुटून वाहणं, ही त्याची लक्षणं. पण वरून निरोगी दिसणारा घोडाही बाधित असू शकतो. लस नाही. रक्तजलाचा नमुना पशुपालन विभागामार्फत जातो. हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही या रोगासाठी देशातली प्रमुख प्रयोगशाळा. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली रोगाची शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि रोग पक्का झाला तर घोड्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो. कठोर वाटतं, पण एका घोड्यासाठी मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्याचा) आणि त्याच्या मुलांचा जीव पणाला लावता येत नाही. अहवाल येईपर्यंत मुलांना घोड्याजवळ जाऊ देऊ नका.

पावसाळ्यानंतर जनावरांना चावणाऱ्या डांस माशा वाढतात तेव्हा सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाची लक्षणं पाहा: येऊन-जाऊन ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली आणि पायांवर सूज. खाणं चालू असूनही घोडा खंगत जातो आणि लोक जंतांवर औषध देत बसतात. यासाठी रक्ताची काचपट्टी (स्लाइड) तपासावी लागते, तीही ताप चढलेला असताना.

पहिले दहा दिवस: कमी द्या, वारंवार द्या

सुटका केलेला घोडा मरतो तो अनेकदा उपासाने नाही, पहिल्या जेवणाने. दीर्घ उपासात शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून चालतं. अचानक हरभरा, गूळ, जव, पोळ्या पोटात गेल्या की रक्तात साखर आणि इन्सुलिन चढतं. इन्सुलिन रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढून नेतं. साठा आधीच रिकामा, त्यामुळे हृदय आणि श्वासाचे स्नायू थकतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, ‘आता छान खातोय’ असं सगळे म्हणत असताना, घोडा कोसळतो.

म्हणून पिष्टमय काहीही नाही. वाळवलेला लसूणघास, ज्याला इथल्या मंडीत रिजका म्हणतात, हा सगळ्यात चांगला, कारण त्यात साखर कमी आणि मॅग्नेशियम-फॉस्फरस बरं असतं. साधारण ३०० किलोच्या घोड्यासाठी:

पहिले तीन दिवस दर चार तासांनी ३५० ग्रॅम, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला सहा खेपा, सुमारे दोन किलो.

चौथ्या दिवशी प्रत्येक खेपेला ४५० ग्रॅम, पाचव्या दिवशी ५५०.

सहाव्या दिवसापासून दर आठ तासांनी सव्वा किलो आणि पुढे रोज थोडी वाढ.

दहाव्या दिवसानंतर दोन वेळा, खाईल तेवढा.

घोडा लहान किंवा मोठा असेल तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा. फक्त ओला रिजका मिळत असेल तर सावलीत दोन-तीन दिवस पसरून सुकवा. काडी मोडली की तयार. तोपर्यंत ओला द्यायचाच झाला तर चौपट वजनाचा. बरसीम वाळवलेला असेल तर तोही चालेल. बुरशीचा वास आला तर पेंडी फेकून द्या, गाय खाईल ते घोड्याला चालेलच असं नाही. त्याला उलटी करता येत नाही.

पाणी सतत समोर हवं. फार तहानलेला असेल तर पहिल्या तासात तीन-चार लिटरच्या खेपा, मग मोकळं. एरवी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मिठाचा खडा वेगळा ठेवा, पाण्यात विरघळवू नका.

तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी रक्तातलं फॉस्फरस तपासून घेता आलं तर उत्तम. थरथर, पायांवर अचानक सूज, झोकांड्या: डॉक्टर त्याच तासाला. खाली पडलेल्या घोड्याला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्या, खाली जाड गवत घाला. उपचार सुरू होऊन ७२ तासांत तो स्वतःहून उठला नाही तर आशा फार थोडी असते.

आता शेजारी. इंदूरच्या रामबागेत काय आणि राजेंद्रनगरात काय, दारात घोडा आला की पोळीचं ताट घेऊन माणसं येणारच. ठाणावर ठळक पाटी लावा: ‘कृपया काहीही खाऊ घालू नका’, मराठीत आणि हिंदीत. तरी एक माणूस तिथे लागतोच.

दोन गोष्टी कायमच्या वर्ज्य. गाईंचं तयार पशुखाद्य आणि कोंबड्यांचं खाद्य. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याच्या हृदयाला विष आहे. गोशाळेत घोडा ठेवताना हे तिथल्या सेवकाला बसून समजावून सांगा. माळव्यात स्वस्त मिळणारं सोयाबीनचं भूसही नको. त्याच्या जाड काड्या आतड्यात गठ्ठा होऊन बसतात आणि पोटशूळ उठतो. गव्हाचं भूस पुढे थोडं चालतं, मुख्य चारा म्हणून नाही. कोंडाही मूठभरच. महिनोन् महिने कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं कॅल्शियम बिघडतं, हाडं ठिसूळ होतात आणि चेहऱ्याची हाडं सुजतात.

खूर, दात, जंत

काळी माती पावसाळ्यात खुरांची शत्रू. ठाणावर मुरूम दाबून उतार काढा, लीद दिवसातून दोनदा उचला. खुराच्या मधल्या त्रिकोणात काळा, कुजका वास येणारा चिखल असेल तर रोज खरवडून कोरडं ठेवा. वाढून वळलेले खूर नालबंद एका दमात छाटायला निघाला तर थांबवा. स्नायू आणि स्नायुबंध त्या कोनाला सरावलेले असतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं, मग दर सहा ते आठ आठवड्यांनी. नाल ठोकायची गरज सुरुवातीला नसतेच.

अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे गव्हाणीत पडत असतील तर दाढांना धारदार कडा आल्या आहेत. त्या कानशीने घासाव्या लागतात, आणि हे काम गुंगीच्या औषधासह डॉक्टरांचंच.

जंतांचं औषध पहिल्या दिवशी नको. जंतांनी भरलेल्या अशक्त घोड्यात सगळे एकदम मेले तर आतडं तुंबतं किंवा सुजतं. लीद तपासून, घोडा सावरल्यावर, वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील ते. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू देऊ नका. टोचल्या जागी मांस सडण्याचा धोका असतो. तोंडातून द्यायची पेस्ट वेगळी मिळते. धनुर्वात मात्र थांबत नाही. घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, म्हणून जखम असेल तर त्याच दिवशी प्रतिबंधक इंजेक्शन. रेबीजची लस ताकद आल्यावर.

नवं घर

सापळ्यापासून भरल्या अंगापर्यंत यायला सहा ते दहा महिने लागतात. त्याआधी ‘कोणी घेतोय तर देऊन टाकू’ म्हणू नका. अंडील घोडा असेल तर अंग भरल्यावर खच्ची करून घ्या. त्याने तो हाताळायला सोपा होतो आणि पैदाशीसाठी मागणारे आपोआप गळतात.

देण्याआधी लिहून काढा: चारही पाय उचलू देतो का, मोहरकी घालू देतो का, एकटा राहतो का, ढोल-फटाक्यांना कसा वागतो, चावतो की लाथ मारतो. वाईट गुण लपवलात तर घोडा महिन्याभरात परत येईल, किंवा परत न येता विकला जाईल. स्वाराबद्दलही स्पष्ट सांगा. घोड्याच्या पाठीवर जीनासकट वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा. ३०० किलोच्या घोडीवर ६० किलो. म्हणजे बहुतेक मोठी माणसं बाद. ती फक्त सोबतीला ठेवायची घोडी आहे असं समजणाऱ्या घरालाच ती द्या.

राऊ, महू, सांवेर, देपालपूरकडच्या शेतघरांमध्ये जागा असते, पण जागा म्हणजे घर नव्हे. आधी न कळवता जाऊन पाहा. काटेरी तार आहे का, सावली कुठे आहे, ठाण किमान १० बाय १२ फूट आहे का, नालबंद त्या बाजूला येतो का, मालक गावाला गेल्यावर पाणी कोण देतो. शेवटच्या प्रश्नाला माणसाचं नाव सांगता आलं नाही तर पुढे बोलू नका. एकटा घोडा कुढतो. दुसरा घोडा, गाढव, निदान शेळी सोबत असावी.

पूर्ण मालकी देऊन ‘विकू नये’ अशी अट घातली तर ती पाळायला लावणं अवघड जातं. त्यापेक्षा मालकी स्वतःकडे ठेवून सांभाळापुरता ताबा द्या. भारतीय करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात. करारात विकणं, भाड्याने देणं, वरातीला जुंपणं, पैदास करणं याला मनाई, कधीही येऊन पाहायचा हक्क आणि न जमल्यास घोडा तुमच्याकडेच परत करायची अट हवी. फुकट देऊ नका. महिन्याचा चारा आणि पहिल्या नालबंदीचा खर्च आगाऊ भरायला सांगा. यालाही खळखळ करणारा माणूस पुढे पोटशूळाच्या रात्री डॉक्टर बोलावणार नाही.

घोडा पोहोचवताना सोबत पंधरा दिवसांचा त्याचाच चारा द्या आणि नवा हळूहळू मिसळायला सांगा. पहिल्या आठवड्यात एकदा, पहिल्या महिन्याच्या शेवटी एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष जा. आषाढात एक खेप जास्तीची ठेवा. फोटो मागवायचे तर छातीच्या घेरावर टेप लावलेलेच मागवा. अंगावर झूल घातलेल्या फोटोतून काही कळत नाही. घेर एका महिन्यात पाच सेंटिमीटरने उतरला तर फोन नको, गाडी काढा.